शाळेंतील स्वयंपाकघर

मुलांस शाळेंत काय शिकवावें यासंबंधीं आपल्याकडे गेल्या दीडशें वर्षांत पुष्कळ खल झाला. इंग्रजी केव्हां सुरू करावें, व्याकरण कितवीपासून घ्यावें, इतिहासांत कोणते राजे ठेवावे आणि कोणते वगळावे, यांवर समित्या बसल्या आणि उठल्या. परंतु तेंच मूल शाळेंत येतांना काय खाऊन आलें आहे, आणि खाल्लेल्या अन्नाचें शरीरांत पुढें काय होतें हें त्यास कोणी समजावून दिलें आहे काय, हा प्रश्न विद्वानांच्या पंक्तीस फार उशिरां येऊन बसला. नागपुरापासून अवघ्या पाऊणशें किलोमीटरांवर या प्रश्नाचें एक उत्तर प्रत्यक्ष चूल पेटवून देण्यांत आलें होतें. वर्धा शिक्षणयोजनेचें नांव आमच्या वाचकांच्या कानांवरून गेलेलें आहेच. तिच्यांतील टकळी सर्वांस आठवते. तिची चूल मात्र बहुतेकांच्या विस्मरणांत गेली आहे.

आरोग्याचे धडे आपल्या क्रमिक पुस्तकांस नवे नाहींत. सकाळीं लवकर उठावें, दांत घासावे, उघडें अन्न खाऊं नये, घांस नीट चावून खावा, अशा आज्ञा मुलें पिढ्यान् पिढ्या पाठ करीत आलीं. या धड्यांत खोटें कांहीं नव्हतें. पण त्यांत कारणहि नव्हतें. 'कां' म्हणून विचारण्याची ज्यांत सोय नाहीं तें ज्ञान मुलें परीक्षेपुरतें बाळगतात आणि मग पाटीवरून पुसून टाकतात.

कारण सांगावयाचें तर तें आधीं गुरुजींस ठाऊक असावें लागतें, आणि अन्नाचें शास्त्र त्या काळीं स्वतःच बाल्यावस्थेंत होतें. जीवनसत्त्व ही कल्पनाच मुळीं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतली. निलगिरीच्या डोंगरांत कुन्नूर येथें रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनीं १९१८ पासून अन्नाच्या उणिवेनें होणाऱ्या रोगांचें संशोधन चालविलें. पुढें हैदराबादेस गेलेली व आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था ती हीच. त्यांचा एक प्रयोग फार गाजला. उंदरांचे गट पाडून प्रत्येक गटास त्यांनीं हिंदुस्थानांतील एकेका समाजाचें जेवण दिलें, आणि मग उंदरांचीं वजनें व दुखणीं यांची नोंद ठेविली. शिखांच्या जेवणावर वाढलेले उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले. त्यांच्या मागोमाग पठाणी जेवण, तिसरें मराठी, पुढें गुरखे, कानडी, बंगाली, आणि सर्वांच्या शेवटीं मद्रासी. गव्हाची कोंड्यासकट पोळी, दूध, डाळ, पालेभाजी हीं ज्या ताटांत होतीं तें ताट वर गेलें. सडीक तांदूळ ज्याचा मुख्य आधार तें खालीं राहिलें. मराठी जेवण तिसऱ्या क्रमांकावर आलें ही गोष्ट आमच्या अभिमानी वाचकांस सुखावील. परंतु त्या उंदरांच्या वांट्यास जें मराठी जेवण आलें तें किती मराठी घरांत रोज शिजत होतें, हा प्रश्न निराळाच आहे.

याच मॅक्कॅरिसन यांनीं १९२८ सालीं शाळा, कॉलेजें व बालवीरपथकें यांच्याकरितां अन्नावर एक लहान इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांच्यामागून आलेल्या डॉ. अॅक्रॉइड यांनीं १९३७ सालीं हिंदी खाद्यपदार्थांचीं पृथक्करणकोष्टकें छापलीं. आपल्या बाजारांतील कोणत्या धान्यांत व भाजींत प्रथिनें किती, क्षार किती, उष्मांक किती, हें प्रथमच एका स्वस्त पत्रिकेंत कोणासहि पाहावयास मिळूं लागलें. हीं कोष्टकें प्रसिद्ध झालीं तें वर्ष लक्षांत ठेवण्याजोगें आहे, कारण त्याच वर्षीं वर्ध्यास शिक्षणाची परिषद भरली.

पण त्याआधींच वर्ध्यांत अन्नाचा विचार जोरांत सुरू झालेला होता. डिसेंबर १९३४ मध्यें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनीं आपला बगीचा संघास दिला व मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्यास मगनवाडी हें नांव पडलें. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे विलायतेंत हिशेबतपासनिसाची परीक्षा दिलेले व अमेरिकेंत अर्थशास्त्र शिकलेले गृहस्थ. ते आतां हातसडीचा तांदूळ, जात्यावरचें पीठ, घाणीचें तेल आणि गूळ यांचा हिशेब मांडूं लागले. गिरणींत तांदूळ पांढरा होतो तेव्हां गरिबाच्या तोंडचें जीवनसत्त्व कोंड्याबरोबर निघून जातें आणि गांवच्या कांडणाऱ्या बाईची मजुरीहि जाते, असा त्यांचा दुहेरी मुद्दा होता. १९३५ सालीं गांधी स्वतः मगनवाडींत राहावयास आले आणि तेथील स्वयंपाकघर ही एक प्रयोगशाळाच होऊन बसली. कच्चा पाला, कडुनिंबाची चटणी, चिंच, सोयाबीन, सर्वांवर प्रयोग झाले. पाहुण्यांस ते सर्वच रुचले असतील असें आम्हांस वाटत नाहीं. सोयाबीनच्या बाबतींत मात्र काळानें मोठी गंमत केली आहे. मगनवाडींत जें धान्य कुतूहलानें शिजविलें जात होतें त्यानें आज विदर्भाची शेतेंच्या शेतें व्यापलीं आहेत. पण तें तेलाच्या कारखान्याकडे जातें, शेतकऱ्याच्या मुलाच्या ताटांत क्वचितच येतें.

वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयांत २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष गांधी होते. मध्यप्रांताचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल, मुंबईचे बाळासाहेब खेर, रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय, विनोबा, डॉ. झाकिर हुसेन, प्रा. के. टी. शहा अशी मंडळी जमली होती. सात वर्षांचें मोफत शिक्षण, मातृभाषेंतून शिक्षण, आणि हस्तोद्योगाच्या भोंवतीं गुंफलेले सर्व विषय, अशी योजना पुढें आली. शिक्षकाचा पगार मुलांच्या कामांतून निघावा या कल्पनेस प्रा. शहा यांनीं तेथेंच हरकत घेतली. मुलांच्या हातचा माल बाजारांत आला तर गरीब कारागिराचें काय होईल, असें त्यांनीं विचारलें, आणि आमच्या मतें त्या परिषदेंतील तो सर्वांत अवघड प्रश्न होता. पुढें झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं अभ्यासक्रम ठरविण्यास समिति नेमली गेली. तींत शहा होते तसेच कुमारप्पाहि होते. ग्रामोद्योग संघाचें स्वयंपाकघर आणि नव्या शाळेचा अभ्यासक्रम यांच्या मधली वाट ही अशी एका माणसाच्या पायांखालूनच गेलेली होती.

समितीनें २ डिसेंबर १९३७ रोजीं आपला अहवाल दिला. त्यांत शरीराची व आरोग्याची माहिती सामान्य विज्ञानाच्या सदरांत आली. बागाईत हा मूलोद्योगांपैकीं एक ठरला, म्हणजे भाजी पिकविणें हा अभ्यास झाला. पण एका ठिकाणीं समितीची लेखणी जुन्याच वळणावर गेली. गृहशास्त्र तिनें मुलींपुरतें ठेविलें. वरच्या इयत्तांत तर मुलींनीं मूलोद्योगाऐवजीं तेंच घ्यावें अशी मुभा दिली. जेवणें हें दोघांचें काम आणि शिजविणें तेवढें एकीचें, ही आपल्या घरांतील वांटणी इतक्या क्रांतिकारक कागदावरहि उमटावी याचें नवल वाटतें. सुदैवानें शाळा कागदावर चालत नाहीं.

हिंदुस्थानी तालीमी संघ १९३८ सालीं स्थापन झाला. सिलोनचे आर्यनायकम् आणि त्यांच्या बंगाली पत्नी आशादेवी, हें शांतिनिकेतनांतून आलेलें दांपत्य संघाच्या कामांत आयुष्यभर राहिलें. गांधी ३० एप्रिल १९३६ पासून जेथें राहावयास गेले होते त्या शेगांवांत, म्हणजे १९४० पासूनच्या सेवाग्रामांत, शाळा उभी राहिली. तेथें मुलगे व मुली दोघेंहि पाळीपाळीनें स्वयंपाकास लागत. भाजी त्यांच्याच वाफ्यांतली असे, खत त्यांनींच केलेलें असे, आणि खर्चाचा हिशेबहि त्यांच्याकडेच असे. कोणत्या जातीच्या हातचें कोणीं खावें हा प्रश्न त्या चुलीजवळ कोणीं काढीत नसे. १९३८ च्या वऱ्हाड-मध्यप्रांतांत ही लहानसहान गोष्ट नव्हती.

एका दिवसाच्या स्वयंपाकांतून लहान मुलास काय काय शिकवितां येईल, याचा आपण जरा सावकाश विचार करूं. तीस मुलांस प्रत्येकीं पांच तोळे तुरीची डाळ द्यावयाची. तीस पंचे दीडशें तोळे. ऐंशी तोळ्यांचा शेर, म्हणजे पावणेदोन शेर आणि वर दहा तोळे. हा झाला त्रैराशिकाचा धडा, आणि यांत चूक झाली तर गुरुजींच्या छडीऐवजीं दुपारची भूकच ती दाखवून देते. आतां पांच तोळे डाळींत प्रथिन किती? कोष्टक पाहिलें तर सुमारें तेरा ग्रॅम निघतें. ज्वारीच्या भाकरीबरोबर तें खाल्लें तर एकाच्या प्रथिनांत जी उणीव ती दुसऱ्यानें भरून निघते. डाळीशीं भाकरीची जोडी आपल्या आजींनीं कोणत्याहि प्रयोगशाळेविना बसविली होती, हें येथें मुलांस प्रथमच कळतें. मग तांदूळ घ्यावा. साळ तोलून उखळांत कांडावी, तूस व कोंडा वेगळे करून तोलावे, आणि पांढराशुभ्र तांदूळ हवा म्हणून आपण नेमकें काय टाकून देतों तें डोळ्यांनीं पाहावें. भात धुतांना पाणी तीनदां बदललें आणि शिजल्यावर पेज ओतून दिली तर राहिलेल्या जीवनसत्त्वाचा मोठा वांटाहि त्यांतच गेला. पूर्वेकडे भंडारा-गोंदियाच्या धानाच्या मुलुखांत हा धडा विशेष मोलाचा. वर्धा-नागपूरच्या ज्वारीच्या पट्ट्यांत त्याची निकड कमी.

पावसाळ्यांत बांधांवर तरोटा उगवतो, ओलीच्या जागीं चिवळ व घोळ पसरते, दारांत शेवगा असतो, शेतांत अंबाडी असते. या पाल्यांत डोळ्यांस हितकर असें सत्त्व असतें, आणि तें न मिळालेलें मूल संध्याकाळीं ठेंचाळत चालूं लागतें. रातांधळेपण म्हणून खेड्यांत ज्यास दैव समजत, त्यावरचा उपाय कुंपणाशींच फुकट उगवलेला असतो. पण तरोट्याची भाजी गरिबाची, म्हणून जरा बरे दिवस आले कीं ती ताटांतून प्रथम जाते. या ठिकाणीं आहारशिक्षणाचें काम केवळ माहिती देण्याचें राहत नाहीं. त्यास प्रतिष्ठेच्या खोट्या कल्पनेशीं गांठ घालावी लागते. फळांचेंहि असेंच आहे. नागपूरकरांस आपल्या संत्र्याचा अभिमान आहे व तो असावाहि. पण 'क' जीवनसत्त्व शंभर ग्रॅम संत्र्यांत सुमारें ३० मिलिग्रॅम, पेरूंत २१२ आणि आवळ्यांत ६०० असतें, हें आमच्या किती घरांतील मुलांस ठाऊक आहे? आवळा मुलें शाळेबाहेरच्या टोपलींतून मीठ लावून खातात तेव्हां आपण त्यांस खोकला होईल म्हणून रागें भरतों.

सेवाग्रामच्या चुलीचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. तेथील जेवण मसाल्याविना, बेताच्या तेलाचें, एका विशिष्ट जीवनदृष्टीचें होतें. भोंवतालच्या खेड्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या खाण्यांत मासळी, अंडें, मांस यांना जागा होती, आणि स्वस्त व उत्तम प्रथिनाचा तो मार्ग या शाळेच्या धड्यांत आला नाहीं. मुलाच्या घरीं जें शिजतें त्याची चांगली बाजू त्यास न दाखवितां दुसरेंच ताट आदर्श म्हणून पुढें ठेवलें, तर तें घर त्यास हलकें वाटूं लागतें.

दुसरी मर्यादा शाळेच्या हातची नव्हती. भंडारा व चांदा भागांत लाखोळीची डाळ गरिबांच्या पोटांत फार जाई. हें पीक पाण्याविना तगतें, धानाच्या ओलीवर येतें, स्वस्त असतें. पण महिनोन् महिने तीच डाळ मुख्य अन्न झाली तर पाय कायमचे लुळे पडतात. गरम पाण्यांत भिजवून तें पाणी टाकून दिलें तर विषाचा पुष्कळसा अंश जातो, हें शिकवितां येतें. तथापि ज्याच्या घरीं दुष्काळांत दुसरें कांहींच नाहीं, त्याच्या मुलास हा धडा देणाऱ्या गुरुजींची मान खालीं जाणार. १९६१ मध्यें या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. ती योग्य होती कीं नव्हती यावर नागपुरांत पुढें बरीच वर्षें वाद झाला. अन्नाचें अज्ञान आणि अन्नाची टंचाई हे दोन रोग बहुधा एकाच घरांत राहतात, आणि शाळेकडे औषध पहिल्यावरचेंच असतें.

जानेवारी १९४५ मध्यें सेवाग्रामांत भरलेल्या परिषदेनें नई तालीमेची व्याप्ति वाढविली. सात वर्षांखालच्या मुलांकरितां पूर्वबुनियादी वर्ग आले. हें काम शांताबाई नारुळकर यांनीं मन लावून केलें व त्यावर लिहिलेंहि. या वयाच्या मुलास उष्मांक सांगून उपयोग नाहीं; त्यास हात धुवून पंक्तीस बसणें, भाजी निवडणें, आपलें ताट घासणें इतकेंच पुरतें. त्याच १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं ठाणें जिल्ह्यांत बोर्डी येथें असेंच काम दुसऱ्या वाटेनें आरंभिलें. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेनें त्याच्या अंगणांत जावें, या विचारांतून 'अंगणवाडी' हा शब्द निघाला. अनुताई वाघ त्यांच्या जोडीस होत्या. १९७५ मध्यें केंद्र सरकारनें देशांतील ३३ ठिकाणीं बालविकास योजना सुरू केली, तेव्हां बोर्डीच्या अंगणांतला हा मराठी शब्द सगळ्या देशाच्या सरकारी कागदांवर गेला.

सेवाग्रामच्या चुलीस तसें भाग्य लाभलें नाहीं. स्वातंत्र्यानंतर बुनियादी शाळा शेंकड्यांनीं निघाल्या, परंतु सरकारनें टकळी घेतली आणि स्वयंपाकघर सोडलें. टकळीचा तास लावतां येतो; चुलीस धान्य, सरपण, पाणी, आणि स्वतः शिजवावयास तयार असलेला शिक्षक लागतो. १९५९ मध्यें तालीमी संघ सर्व सेवा संघांत विलीन झाला. शिक्षण आयोगानें १९६६ मध्यें 'कार्यानुभव' हा शब्द दिला व शाळांनीं त्याचें कागदी फुलांत रूपांतर केलें. मुख्य अडचण, स्पष्टच सांगावयाचें तर, आमच्यासारख्या पांढरपेशा कुटुंबांची होती. आपल्या मुलास भाकरी भाजावयास आपण शाळेंत घालीत नाहीं. ज्यांच्या कित्येक पिढ्या दुसऱ्यांच्या हातकामांत गेल्या त्यांसहि, आपल्या मुलांच्या हातीं पुन्हां कामच देणारी शाळा संशयास्पद वाटली, आणि तो संशय आमच्या तिटकाऱ्याहून कितीतरी अधिक सकारण होता. दोन्हींकडून आधार सुटल्यावर चूल विझली यांत आश्चर्य नाहीं.

जेवण मात्र शाळेंत दुसऱ्या दारानें परत आलें. मद्रास शहरांत १९२० नंतरच्या दशकांत नगरपालिकेच्या शाळांत मुलांस दुपारचें खाणें मिळूं लागलें होतें. कामराज यांनीं १९५६ मध्यें तें प्रांतभर नेलें. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं केंद्राची योजना आली. महाराष्ट्रांत प्रथम महिन्याकांठीं तीन किलो तांदूळ मुलाच्या पिशवींत घालून देत, म्हणजे तो घरच्या डब्यांत मिसळे आणि कोणाच्या पोटांत गेला तें कळत नसे. २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शिजवलेलेंच अन्न द्यावें असा हुकूम केला आणि पुन्हां शाळेंत धूर दिसूं लागला. प्राथमिक वर्गांतील मुलास एका जेवणांत ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिन, असें प्रमाण ठरलें. योजनेचें नांव २०२१ पासून 'पीएम पोषण' झालें आहे. भुकेल्या मुलास गरम खिचडी मिळणें ही मोठीच गोष्ट आहे, आणि जे तिला खिचडीशाळा म्हणून हंसतात त्यांचीं मुलें उपाशीं नसतात. परंतु ४५० हा आंकडा आज भिंतीवर रंगविलेला असतो आणि खिचडी शिजविणाऱ्या बाईस मुलांच्या वर्गांत जागा नसते. पूर्वीं जेथें धडा होता व अन्न अपुरें होतें, तेथें आतां अन्न आहे आणि धडा दाराबाहेर राहिला आहे. एका पटांगणांतलें हें अंतर वीस पावलांचें असेल.

तें कमी करण्याचे यत्न नाहींत असें नाहीं. शाळाशाळांतून पोषणाच्या परसबागा कराव्या अशा सूचना केंद्रानें २०१९ मध्यें काढल्या. सेवाग्रामांतहि नई तालीम समितीनें २००५ पासून आनंद निकेतन ही मराठी शाळा चालविली आहे. तेथें मुलें शेती करतात व स्वयंपाकासहि हात लावतात. परसबागेची खरी अडचण मात्र कोणत्याहि परिपत्रकांत सांपडावयाची नाहीं. ती आमच्या हवेंत आहे. वर्धा-नागपुरांत मे महिन्यांत पारा पंचेचाळिसांवर जातो, शाळा बंद असते, पाणी घालावयास कोणी नसतें, आणि मार्चमध्यें हिरवा असलेला वाफा जूनपर्यंत नुसता भुसभुशीत मातीचा उरतो. विदर्भांत शाळा उघडते ती जूनच्या अखेरीस, पहिल्या दोनतीन सरी पडून गेल्यावर. त्याच आठवड्यांत मुलांच्या हातून अंबाडीचें बी टाकून घेतलें तर पोळ्याच्या सुमारास पहिली खुडणी होते.